एकोणीस मिनिटांची घटका

मालू,

परवा तुझी शोकसभा झाली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला ओकारी येत होती. रडू नव्हे, ओकारी. तुला जाऊन पंधरा दिवस झाले. या पंधरा दिवसांत मी एकदाही धड रडलेले नाही. त्याला तू कारण आहेस, मी कारण आहे आणि एक थर्माकोलची चकती कारण आहे. चकतीचं आधी सांगते, म्हणजे तुझं हसून होईल.

स्टेजवर त्यांनी तुझी ‘घटका’ मांडली होती. मधोमध एक घंगाळ. तांब्याचं नव्हे, तांब्याचा रंग फासलेलं प्लास्टिकचं. आत निळा दिवा. बाजूला एक पंप, तो पाणी वर उडवत होता, कशासाठी ते त्या पंपालाच ठाऊक. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. प्रमुख पाहुण्यांनी सीलबंद बाटलीचं बूच पिळून घंगाळात पाणी ओतलं, फोटो हुकला म्हणून पुन्हा ओतलं, आणि घटिकापात्र पाण्यावर सोडलं. मी सवयीनं घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तीस झाली. पात्र आपलं मजेत तरंगतंय. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊकसुद्धा नव्हतं की त्या वाटीच्या तळाला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत चढतं आणि चोवीस मिनिटं झाली, एक घटका भरली, की ती बुडते. पूर्वी लग्नाचे मुहूर्त त्यावर मोजायचे. बुडणं एवढंच तिचं काम.

चहाच्या वेळी मी सभा भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, खाली थर्माकोल चिकटिवलाय की. पावण्यांचं भाषण चालू असताना बुडालं तर वंगाळ दिसंल न्हवं? शोकसभा हाय."

न बुडणारं घटिकापात्र. मालू, तुझ्या आयुष्यभराच्या कामाचं आपल्या गावानं हे केलं. आणि वर सगळे वक्ते एकामागून एक तीच गोष्ट सांगत होते, तुझ्या आईची, अव्वाची. तुझ्या मूळ ‘घटके’तल्या पाचव्या घंगाळासमोर अव्वा कशी बसली, बोलायला लागली आणि पात्र बुडाल्यावर कशी मधेच थांबली. एक जण सांगताना रडला. त्यानं अव्वाला कधी बघितलंही नव्हतं. शेवटी जाहीर झालं की ते पाचवं पात्र काचेच्या कपाटात ठेवणार आणि खाली पितळी पाटीवर ही गोष्ट कोरणार. मग सेक्रेटरीनं एका कॅरीबॅगेत घालून ते खरं, पाचवं पात्र माझ्या हातात दिलं. "तुम्ही तांबटाच्या घरच्या. जरा चिंचंनं घासून लखलखीत करून द्या."

मी ते घरी आणलं. आता ते माझ्यासमोर आहे. म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं, शाळेत आपण दोघी चित्रकलेच्या बाई. तू पाचवी ते सातवी, मी आठवी ते दहावी. घरोघरी नुकती केबल आली होती आणि पोरं चित्राच्या तासाला टीव्हीतली चित्रं काढत होती, त्याचा तुला भयंकर राग. पहिल्यांदा तू मला नृसिंहवाडीला घरी नेलंस तेव्हा आल्या आल्या भिंत दाखवलीस. तुझे अप्पा दरवर्षी पूर ओसरला की पाणी कुठवर आलं होतं तिथं खिळ्यानं रेघ ओढायचे. आणि त्याच भिंतीवर, त्याच खिळ्यानं, पोरींची उंची. तुझ्या रेघा वर वर गेलेल्या. तुझ्या धाकट्या बहिणीच्या, बेबीच्या, रेघा चारच. चौथ्या रेघेच्या वीतभर वर त्या वर्षीच्या पुराची रेघ होती.

परत येताना एस.टी.त तूच म्हणालीस, "नऊ वर्षांची हुतो मी. पायरीवर बेबीला धरून बसलेलो. पाणी बघत. मग मी आत गेलो. हातात बादली हुती एवढं आठवतंय. कुणी हाक मारली म्हणून गेलो का आपलं आपणच गेलो, त्ये न्हाय आठवत. मला वाटतं हाक मारलेली. पण घरात कोणच म्हणत न्हाय की आम्ही मारली."

"अव्वाला विचार की," मी म्हटलं.

"तिनं न्हाय म्हटलं तर?"

त्या एका प्रश्नावर तू आयुष्य काढलंस. बाकी सगळं, ती प्रदर्शनं, ते पुरस्कार, ती वर्तमानपत्रातली कात्रणं, त्या प्रश्नाला घातलेली झूल होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणून मी तुझ्या सगळ्या भानगडींना हो म्हणत गेले.

‘घटका’ सुचली ती माझ्या घरी. माझ्या बाबांनी जुनं घटिकापात्र फळीवरून काढून तुला दाखवलं आणि तू चहा गार होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलीस. बुडताना ते डुबुक करतं आणि तळाला टेकताना आणखी एक बारीक आवाज होतो, तो ऐकून म्हणालीस, "शकू, ह्येच पाहिजे. चित्र न्हाय काढायचं आता."

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेमागच्या जुन्या हॉलमध्ये आपण पाच घंगाळं मांडली. नियम तूच केलेस. येणाऱ्यानं घरचं पाणी आणायचं, ज्या पाण्यावर आपण वाढलो ते. ते स्वतः घंगाळात ओतायचं. पात्र स्वतःच्या हातानं सोडायचं. समोर कुणाला तरी बसवायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. पात्र बुडालं की उठायचं. वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. या शेवटच्या नियमावरून मी तुझ्याशी आठ दिवस भांडले. मी म्हटलं, हा माजोरीपणा आहे. माणूस जरा मोकळा व्हायला लागला की तू त्याला उठवणार? तू म्हणालीस, "मरण थांबतंय व्हय कुणासाठी? मग मी का थांबू?" ऐकायला फार छान वाटतं असलं. आचरट वाक्य होतं, मालू. तेव्हाही होतं.

आणि लोक आले की. कोण कोण आलं. तालमीतला एक थोराड पैलवान हौदातलं पाणी कळशीतून घेऊन आला आणि आपल्या वस्तादांबद्दल एक अक्षर न बोलता घटकाभर मुसमुसत बसला. एक बाई लोणच्याच्या बरणीत विहिरीचं पाणी घेऊन आली, विहीर पुढच्या महिन्यात बुजवणार होते. कुणी रंकाळ्याचं आणलं, हिरवंगार, जलपर्णीच्या मुळ्यांसकट. कुणी पंचगंगेचं आणलं, त्यावर फेस होता, तांब्याला काळा थर धरणारा. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकवेना. मेलेल्या माशांचा वास, शेवाळाचा वास, त्यात माणसांच्या घामाचा. मी फिनेलची बाटली घेऊन आले तर तू माझ्या हातातून हिसकावलीस. "वास येऊ दे. आपणच केलाय त्यो."

तिथं मात्र तू खरी होतीस. परवा त्या निळ्या दिव्याच्या पाण्याला कसलाच वास नव्हता, तेव्हा मला तो हॉल आठवला आणि तुझी इतकी आठवण आली की बाजूच्या बाईनं मला पाणी विचारलं.

आता माझं सांगते. तू जिवंत असताना हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

पाचांपैकी चार पात्रं बाबांनी केली. वाटी घडवायची, तळाला टोच्यानं भोक पाडायचं, मग पाण्यावर सोडून घड्याळ लावून बघायचं. लवकर बुडालं तर भोकाच्या कडेवर हातोडीनं हलकं ठोकत ते आवळत आणायचं. चौथं होईतो बाबांचे मोतीबिंदूचे डोळे पाण्यानं भरून आले. पाचवं मी केलं, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी, बाबा झोपलेले असताना. एकोणीस मिनिटांत बुडालं. ठोकलं तर भोकाच्या कडेला केसासारखी चीर दिसायला लागली. आणखी ठोकलं असतं तर वाटी गेली असती. आणि आदल्याच आठवड्यात मी तुला ऐकवलं होतं की काम आम्ही तांबटांनी करायचं आणि नाव तुझं व्हायचं. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की मला साधं भोक पाडता आलं नाही? संध्याकाळी तू विचारलंस, "पाचवं बरोबर हाय न्हवं?" मी म्हटलं, "चोवीस. मोजलंय." तू म्हणालीस, "बरं. तू जा. मी पाणी भरून बघतो समद्यांत," आणि मी घरी गेले.

शेवटच्या दिवशी अव्वा आली. वाडीहून, एकटी, पितळी डब्यातून नदीचं पाणी घेऊन. नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा गंभीर भाव. पहिलं घंगाळ मोकळं होतं, ती तिकडे निघाली. तू तिचं कोपर धरलंस आणि तिला पाचव्याकडे नेलंस. मी बघत होते. मी तुला अडवलं नाही.

अव्वानं पाणी ओतलं. पात्र सोडलं. आणि गप्प. पंधरा मिनिटं तरी गप्प. तू तिच्यासमोर मांडी घालून, मान ताठ. मग ती एकदम बोलायला लागली.

"त्या दिशी पाणी जोत्याला लागल्यालं. मी चुलीम्होरं हुतो. तवा मी..."

डुबुक.

मला अजून तो आवाज झोपेतून उठवतो. अव्वानं तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "अव्वा, घटका भरली."

"भरली व्हय? बरं." गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "मग उठतो की."

पाच मिनिटं, मालू. पाच मिनिटं मी खाल्ली होती.

एस.टी. स्टँडवर तिला सोडायला मी गेले, तुला लोकांनी घेरलं होतं. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या अव्वानं मला सगळं सांगितलं, तिथं राहिलेलं. सांगून झाल्यावर माझा हात दाबला. "मालूला सांगू नगंस. वाडीला आली की मीच सांगतो. आईच्या तोंडनं ऐकू दे."

तू वाडीला गेलीस ती चार महिन्यांनी, अव्वाला घाटावर पोचवायला.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर सुरुवात भोकापासून करावी लागली असती. म्हटलं, जरा दिवस जाऊ देत. दिवस गेले आणि तू स्टेजवर चढलीस.

त्या वर्षांचा मला मनापासून वीट आलाय. घरात, शाळेत, रस्त्यावर "आलो की", "बघतो की" म्हणणारी तू, कोल्हापूरच्या आपल्या सगळ्या बाया बोलतात तशी. मुंबईत माइकसमोर उभी राहिलीस की "मी गेले, मी पाहिले". कुणीतरी हसलं असेल तुला. आणि त्या नव्या बोलण्यात तू अव्वाची गोष्ट सांगायचीस. ‘वेळ संपली आणि माझी आई थांबली. ती काय सांगणार होती ते मला कधीच कळणार नाही. हे न कळणं म्हणजेच काळ.’ टाळ्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सातव्यांदा ऐकलं तेव्हा तू कुठल्या शब्दाला थांबणार आणि कुठं आवंढा गिळणार ते मला पाठ झालं होतं. मग त्या बिल्डरच्या कॉम्प्लेक्समध्ये गेटजवळ तुझं घंगाळ बसलं, चोवीस तास वाहणारं, आणि उद्घाटनाला तू तीच गोष्ट सांगितलीस. मागं पोरं पाण्यात आइस्क्रीमच्या काड्या सोडत होती. त्यांचं बरं होतं, निदान खेळत तरी होती.

त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हटलं, "तू अव्वाला विकून खातीस."

तू पांढरीफटक पडलीस. मग म्हणालीस, "आणि तू काय केलंस गं? भोक पाडलंस फक्त."

मी तुला दार दाखवलं. आठ महिने बोललो नाही आपण, समोरासमोर आलो तर तू भाजीत बघायचीस, मी पिशवीत. मग फोन आला, तुझा नव्हे, तुझ्याबद्दलचा.

काल सकाळी मी चिंच भिजत घातली आणि पात्र घासायला घेतलं. वर्षानुवर्षांचा काळा थर होता. पंचगंगेचा, रंकाळ्याचा, वाडीचा. घासता घासता तळाला, भोकाच्या बाजूला, रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं माझ्या हातोडीचे वण असतील. पुसून उजेडात धरलं. खिळ्यानं कोरलेलं होतं, तुझ्या अप्पांच्या भिंतीसारखं, वाकड्या आकड्यांत.

१९.

तू मोजलं होतंस. त्या संध्याकाळी एकटी मागे राहून तू पाचही मोजलीस. माझं खोटं तुला उद्घाटनाच्या आधीच ठाऊक होतं. ‘भोक पाडलंस फक्त’ हे तू उगाच म्हणाली नव्हतीस. आणि अव्वाचं कोपर धरून पहिल्या घंगाळापासून तिला पाचव्याकडे नेलंस, तेही उगाच नव्हे. तुला माहीत होतं ते पाच मिनिटं लवकर बुडतं. तुला अव्वाला बोलवायचंही होतं आणि ऐकायचंही नव्हतं. ती म्हणेल, मी हाक मारलीच नव्हती, याची तुला इतकी भीती की तू स्वतःच्या आईची घटका चोरलीस. माझ्या हातानं चोरलीस. आणि मग जगभर सांगत फिरलीस, की काळ कुणासाठी थांबत नाही.

मला शिसारी आली तुझी. खोटं कशाला बोलू? पात्र उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. दहा वर्षं मी स्वतःला खात बसले, रात्रीची झोप घालवली, आणि तू समोर बसून माझ्या हातचा चहा प्यालीस. एकदा तरी म्हणायचंस, "शकू, मला ठाऊक हाय."

मग हात धुतले आणि वाटलं, मी तरी कधी म्हटलं? तू माझं खोटं कुणाला सांगितलं नाहीस. बाबांच्या नावाला बट्टा लागू दिला नाहीस. फुटकं पात्र चार चांगल्यांच्या रांगेत मांडलंस आणि माझ्या तोंडावर म्हणालीस, "झ्याक झालंय." माझी लाज राखलीस तू, मग त्याच लाजेच्या आड जाऊन लपलीस. आणि मी माझ्या लाजेपायी तुझ्या अव्वाचा निरोप दाबून ठेवला. आपल्या दोघींत जास्त किळसवाणं कोण, हे ठरवायला बसले तर माझाच नंबर वर लागेल. तू न ऐकण्यासाठी चोरी केलीस. मी ऐकलेलं सांगितलं नाही.

सेक्रेटरीला सकाळी फोन करून सांगितलं, पात्र हरवलं. तो केवढ्यांदा ओरडला. "मॅडम, पाटी कोराय टाकलीया!" मी म्हटलं, थर्माकोलचं हाय की तुमच्याकडं, ते ठेवा. ते कधीच बुडायचं न्हाय.

मग बाबांचं घंगाळ काढलं. घरचं पाणी आणायचा तुझा नियम, म्हणून घरच्या नळाचं भरलं. पात्र सोडलं आणि त्याच्यासमोर हा कागद घेऊन बसले. मी हे लिहीत असताना ते बुडालं. घड्याळ बघितलं. एकोणीस. तुझा आकडा बरोबर होता, मालू. बाबांना आवडलं असतं तुझं मोजणं.

मी उठलेले नाही. तुझा नियम गेला चुलीत. पाच मिनिटं अजून माझ्याकडे आहेत, ती अव्वाची आहेत. ऐक आता. तिच्याच शब्दांत सांगते, मी त्यातला एक शब्द विसरलेले नाही.

"पाणी जोत्याला लागल्यालं. मालू बेबीला धरून पायरीवर बसलेली. मी चुलीम्होरं, हात पिठाचं. तवा पत्र्यातनं पाणी जोंधळ्याच्या कणगीवर गळाय लागलं. मी वराडलो, मालू, बादली घिऊन ये. ती म्हणली, अव्वा, बेबी हाय हितं. मी म्हटलं, असू दे तिला, तू ये आदी. ती आली. बादली लावली. एवढंच झालं बघ. मग समदी गोळा झाली आन् पोरीला इचाराय लागली, धाकटीला सोडून तू कुठं गेलतीस? ती माज्याकडं बघाय लागली. म्या खाली बघितलं. तवाधरनं खालीच बघतोय."

तुला हाक मारली होती, मालू. दोनदा मारली होती.